एमएस काहींच्या हाती काठी लवकर का देतो?

२००४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजाराच्या सुमारे ८०० रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. त्यातले निम्म्याच्या आसपास कृष्णवर्णीय होते, बाकीचे गोरे. आजार सुरू झाल्यापासून चालताना काठी लागेपर्यंत गोऱ्या रुग्णांना साधारण २२ वर्षं लागली होती. कृष्णवर्णीयांना १६. सहा वर्षांचा फरक म्हणजे पहिलीतलं मूल सातवीत पोचण्याचा काळ. हा आजार बहुतेकांना विशी ते चाळिशीत गाठतो, त्यामुळे ही सहा वर्षं नोकरीची आणि मुलं वाढवण्याची असतात.

असे आकडे बातम्यांत आले की लोक दोनपैकी एका टोकाला जातात. कुणी म्हणतं, ‘रक्तातच काहीतरी आहे.’ कुणी म्हणतं, ‘सगळा पैशाचा प्रश्न आहे.’ आपल्याकडे तिसरंच ऐकू येतं: ‘तो गोऱ्यांचा आजार, आपल्याकडे कुठे असतो?’ तिन्हींत हे तिसरं सर्वांत जास्त नुकसान करतं, कारण त्यापायी निदानच लांबतं. आणि पुढे दिसेल तसं, या आजारात उशीर महागात पडतो.

आधी आजार समजून घेऊ

मेंदू, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसा यांतल्या तंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण असतं. वायरीवरचं प्लास्टिक ही उपमा आपण नेहमी ऐकतो, पण मायलिनचं काम त्याहून मोठं आहे. मुंबईची फास्ट लोकल मधली स्टेशनं सोडून दादर, घाटकोपर, ठाणे अशी धावते ना, तसा संदेश मायलिनमुळे टप्पे घेत, उड्या मारत पुढे जातो. आवरण असलेल्या जाड तंतूतून तो सेकंदाला १०० मीटरच्या आसपास धावू शकतो. आवरण नसलेल्या बारीक तंतूतून जेमतेम एखादा मीटर.

एमएसमध्ये आपलीच रोगप्रतिकारशक्ती या आवरणावर उठते. कुंपणानेच शेत खावं, तसा प्रकार. आवरण गेलं की फास्ट गाडीला प्रत्येक स्टेशनावर थांबावं लागतं. तंतूच तुटला तर मार्ग कायमचा बंद. कुठला मार्ग बिघडला त्यावर लक्षण ठरतं: एका डोळ्याला धूसर दिसणं, पायाला मुंग्या, तोल जाणं, लघवी तुंबणं, नाहीतर नुसता प्रचंड थकवा.

सुरुवातीला हे बहुधा झटक्याझटक्याने येतं. २४ तासांहून जास्त टिकणारं आणि ताप किंवा संसर्गामुळे न आलेलं नवं लक्षण म्हणजे अटॅक. काही आठवड्यांत ते बरंचसं ओसरतं आणि माणूस समजतो, सुटलो. पण बाहेर दिसणाऱ्या एका अटॅकमागे एमआरआयमध्ये कित्येकदा पाच-दहा नवे डाग निघतात. मेंदू तोवर आपली गंगाजळी वापरत असतो: शेजारचे तंतू जास्तीचं काम उचलतात, पर्यायी वाटा निघतात. गंगाजळी संपेपर्यंत बाहेरून सगळं ठीक दिसतं. मग काही वर्षांनी अटॅक न येताही चाल मंदावू लागते.

अपंगत्व मोजायला न्यूरॉलॉजिस्ट ० ते १० अशी पट्टी वापरतात. ६ म्हणजे १०० मीटर चालायला एका बाजूने काठी लागणं. सुरुवातीच्या आकड्यांतली ‘काठी’ ती हीच.

आजार होणं वेगळं, तो किती छळतो ते वेगळं

इथे भल्याभल्यांचा गोंधळ होतो. एखाद्या रस्त्यावर अपघात जास्त होतात म्हणून तिथले अपघात जीवघेणेच असतात असं नाही. शहरातल्या चौकात गाड्या रोज एकमेकींना घासतात. घाटात अपघात कमी, पण होतो तो मोठा. एमएस किती जणांना होतो हा एक प्रश्न आणि झाल्यावर किती वेगाने वाढतो हा दुसरा. दोन्हींची कारणं निरनिराळी असू शकतात.

पहिल्या प्रश्नाबद्दलचे जुने समज बरेच ढासळले आहेत. कृष्णवर्णीयांना एमएस क्वचितच होतो, असं अमेरिकेत अनेक दशकं शिकवलं गेलं. २०१३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या आरोग्ययोजनेच्या सभासदांची मोजणी प्रसिद्ध झाली. वर्षभरात लाखामागे नवे रुग्ण कृष्णवर्णीयांत १०.२, गोऱ्यांत ६.९, लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांत २.९ आणि आशियाईंत १.४ निघाले. कृष्णवर्णीयांचा आकडा वर गेला तो मुख्यतः स्त्रियांमुळे. म्हणजे ज्या बाईला ‘तुम्हाला हा आजार असणं कठीण आहे’ असं सांगितलं जात होतं, तिलाच धोका सर्वांत जास्त होता. ही चूक हजारो स्त्रियांच्या शरीराने भोगली आहे.

मुंबईचे पारशी आणि पूर्व लंडन

वंश आणि परिसर यांत कोण भारी, हे तपासायला दोन उदाहरणं उत्तम आहेत. त्यातलं एक आपल्या दारातलं आहे.

मुंबईचे ज्येष्ठ न्यूरॉलॉजिस्ट डॉ. नोशिर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९० मध्ये पारशी समाजातल्या एमएसचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुंबईच्या पारशांत लाखामागे सुमारे २६ रुग्ण सापडले आणि पुण्याच्या पारशांत सुमारे ५८. त्या काळी भारतात एकूण प्रमाण लाखामागे एक-दोनच्या घरात मानलं जाई. हवा तीच, ऊन तेच, पाणी तेच, आणि तरी एवढा फरक. पारशांचे पूर्वज इराणमधून आले आणि समाजाबाहेर लग्नं फार कमी झाली, तेव्हा आनुवंशिकतेचा वाटा इथे उघड दिसतो. (पुण्याचा आकडा मात्र जपून वाचावा. तिथली पारशी वस्ती लहान आहे. वस्ती लहान असली की दोन-चार रुग्णांनीही लाखाचं प्रमाण खूप वरखाली होतं.)

आता दुसरं उदाहरण. पूर्व लंडनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत लाखामागे गोऱ्यांत १८०, कृष्णवर्णीयांत ७४ आणि दक्षिण आशियाई, म्हणजे भारत-पाकिस्तान-बांगलादेशाकडच्या लोकांत, २९ रुग्ण निघाले. वरवर पाहता ‘आपल्या’ लोकांना धोका कमी. पण हाच २९ चा आकडा मंगळूरमध्ये केलेल्या मोजणीशेजारी ठेवा. तिथे लाखामागे ८ च्या आसपास निघाले होते. वंश साधारण एकच, देश बदलला आणि प्रमाण तिपटीहून जास्त. ब्रिटनमध्ये जन्मलेल्या स्थलांतरितांच्या मुलांत हे प्रमाण आईवडिलांच्या पिढीपेक्षा वाढतं, हे १९९० च्या सुमारासच लक्षात आलं होतं. निदानाच्या सोयींचा हिशेब धरला तरी परिसराचा हात नाकारता येत नाही.

म्हणजे पारशांचं उदाहरण जनुकांकडे बोट दाखवतं, लंडनचं परिसराकडे. दोन्ही खरी आहेत.

मग वेगाने वाढणंही जनुकांतच लिहिलेलं असतं का?

एमएस होण्याचा धोका थोडाथोडा वाढवणाऱ्या २०० हून अधिक जागा आपल्या जनुकांत सापडल्या आहेत. मात्र आजार किती वेगाने वाढेल याचा पहिला ठोस जनुकीय धागा हाती लागला तो २०२३ मध्ये, २२,००० हून जास्त रुग्णांच्या तपासणीतून. जनुकातला एक विशिष्ट बदल आई आणि वडील दोघांकडून आला असेल, तर काठी लागण्याची वेळ सरासरी ३.७ वर्षं आधी येते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे, धोका वाढवणाऱ्या त्या २०० जागांशी याचा संबंध नाही. आजार सुरू करणारी कारणं रोगप्रतिकारशक्तीतली. तो वाढवणारी बहुधा मेंदूच्या स्वतःच्या सोसण्याच्या ताकदीतली.

त्याच अभ्यासात दोन साध्या गोष्टी पुढे आल्या: शिक्षणाची वर्षं जास्त असतील तर आजाराची वाढ मंद, धूम्रपान असेल तर जलद.

पण तपासलेले सगळे रुग्ण युरोपीय वंशाचे होते. त्यामुळे कृष्णवर्णीय किंवा भारतीय रुग्णांत आजार वेगाने का वाढतो किंवा वाढत नाही, याबद्दल त्यातून थेट काही सांगता येत नाही. हीच अडचण पावलोपावली आहे. २०१५ मध्ये कुणीतरी मोजून पाहिलं: एमएसवरच्या जवळजवळ ६०,००० शोधनिबंधांपैकी कृष्णवर्णीय रुग्णांवर भर देणारे फक्त ११३.

शरीरात फरक दिसतच नाहीत असं मात्र नाही. कृष्णवर्णीय रुग्णांच्या पाठीतून काढलेल्या पाण्यात प्रतिपिंडांचं (अँटिबॉडींचं) प्रमाण सरासरीने जास्त सापडतं. आजार मज्जारज्जू आणि डोळ्याच्या नसा यांवर जास्त जोर काढतो. नसेची जाडी मोजणाऱ्या डोळ्याच्या स्कॅनमध्ये झीज जलद दिसते. बी पेशी, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींच्या घराण्यातल्या पेशी, औषधाने काढून टाकल्या, तर त्या लवकर परत येतात असंही एका अमेरिकी रुग्णालयातल्या तपासणीत आढळलं. या शेवटच्या गोष्टीचा उपयोग आजच होऊ शकतो: सहा महिन्यांनी ठरलेला डोस सगळ्यांना सारखा पुरेलच असं गृहीत न धरता रक्तातल्या बी पेशी मोजून पाहता येतात.

ती सहा वर्षं जातात कुठे?

२०१० मधल्या एका अभ्यासाकडे माझं लक्ष वारंवार जातं. उत्तर अमेरिकेतल्या जवळपास ९,००० एमएस रुग्णांच्या नोंदींत फक्त एवढंच पाहिलं होतं: उच्च रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, हृदयविकार यांपैकी काही आहे का? निदानापासून चालायला आधार लागेपर्यंत, असं काही नसलेल्यांना १८.८ वर्षं लागली आणि असलेल्यांना १२.८.

पुन्हा सहा वर्षं. तेही वंशाचं नाव न घेता.

दोन अभ्यासांतली मोजण्याची सुरुवात वेगळी आहे (पहिल्यात आजाराची, दुसऱ्यात निदानाची), त्यामुळे एका आकड्याने दुसरा आकडा ‘सिद्ध’ होत नाही. पण अंदाज येतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजात रक्तदाबाचं प्रमाण जास्त आहे. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या आधीच कडक झाल्या असतील, तर एमएसने केलेली जखम भरून काढायची ताकद कमी पडते. गंगाजळीला एक भोक आधीच पडलेलं असतं.

दुसरं भोक उशिराचं. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, मेंदूविकार असलेल्या कृष्णवर्णीय रुग्णांची बाह्यरुग्ण विभागात न्यूरॉलॉजिस्टशी गाठ पडण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी होती. लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांत ४० टक्क्यांनी. एमएसचं औषध झालेली झीज भरून काढत नाही, पुढची थांबवतं. म्हणून दोन वर्षं उशिरा सुरू झालेलं औषध त्या दोन वर्षांत गेलेले तंतू परत आणत नाही. घराला गळती लागल्यावर पत्रे पावसाळ्याआधी बदलले काय आणि नंतर बदलले काय, पत्र्यांचा खर्च तोच. भिजून फुगलेलं लाकूड मात्र सरळ होत नाही.

तिसरं, औषध कुठलं मिळालं हे. सौम्य इंजेक्शनांपासून सुरुवात करून आजार बळावला की जोरकस औषधाकडे जायचं, ही जुनी पायरी. आता अनेक न्यूरॉलॉजिस्ट जोरकस औषध सुरुवातीलाच देतात. ज्याच्याकडे विमा धड नाही, तो पहिल्या पायरीवर जास्त काळ अडकतो. त्यात बीटा इंटरफेरॉन हे पहिल्या पायरीचं औषध कृष्णवर्णीयांना गोऱ्यांइतकं लागू पडत नाही, असं एका चाचणीच्या आकड्यांतून दिसलं होतं.

‘उपचार सारखे मिळाले तर फरक मिटेल का?’

ब्रिटनमध्ये उपचार सरकारी यंत्रणेतून, मोफत मिळतात. तिथल्या एमएस रुग्णांच्या राष्ट्रीय नोंदवहीच्या विश्लेषणात कृष्णवर्णीय आणि दक्षिण आशियाई रुग्णांना आजार तुलनेने कमी वयात गाठतो असं दिसलं. अपंगत्वाच्या तीव्रतेत मात्र अमेरिकेसारखी दरी दिसली नाही. नोंदवहीत आपणहून नाव घालणाऱ्यांचाच हा हिशेब आहे आणि त्यात बिगर-गोरे थोडे, ही त्याची मर्यादा.

माझं मत असं: जैविक फरक आहे, पण तो ठिणगीएवढा. त्याचा वणवा होतो तो उशीर, अपुरं औषध आणि जोडीचे आजार यांच्या वाळक्या गवतावर. ठिणगी आपल्या हातात नाही. गवत बऱ्याच अंशी आहे.

जपानचा धडा: तो आजार एमएस नव्हताच

आशियाई लोकांतला एमएस वेगळाच आणि भयंकर असतो, असं जुन्या पुस्तकांत वाचायला मिळतं. जपानमध्ये त्याला वेगळं नावही होतं, डोळे आणि मज्जारज्जू यांवरच हल्ला करणारा एमएस म्हणून. रुग्णांची नजर जाई, पाय लुळे पडत आणि नेहमीची औषधं चालत नसत.

२००४ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने जपानी डॉक्टरांच्या साथीने या रुग्णांच्या रक्तात एक प्रतिपिंड शोधून काढलं. वर्षभरात त्याचं लक्ष्य कळलं: ॲक्वापोरिन-४, म्हणजे मेंदूतल्या आधारपेशींवरची पाण्याची ये-जा सांभाळणारी प्रथिनाची खिडकी. हल्ला मायलिनवर नव्हताच. तो निराळा आजार निघाला, एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका). आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांत, विशेषतः स्त्रियांत, त्याचं प्रमाण तुलनेने जास्त असतं. ‘आशियाई एमएस तीव्र असतो’ या समजातला बराचसा भाग असा चुकीच्या पाटीखाली मोजलेल्या रुग्णांचा होता.

हे जाणून घेणं भारतीय रुग्णाला जीवनमरणाइतकं महत्त्वाचं आहे, कारण औषधं उलटतात. बीटा इंटरफेरॉन, फिंगोलिमोड, नॅटालिझुमॅब ही एमएसची औषधं एनएमओ वाढवू शकतात. म्हणून पुढीलपैकी काही असेल तर एमएसचं औषध सुरू करण्याआधी ॲक्वापोरिन-४ आणि मॉग (मायलिनवरचं एक प्रथिन) या दोहोंविरुद्धच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी मागावी: दोन्ही डोळे एकदम किंवा पाठोपाठ जाणं, मज्जारज्जूवरचा डाग तीन किंवा अधिक मणक्यांच्या लांबीचा असणं, आणि पोटाचं काहीही कारण न सापडता दिवसेंदिवस न थांबणारी उचकी व उलट्या. उचकीचा रुग्ण बहुतेकदा पोटाच्या डॉक्टरांकडे फिरत राहतो, एंडोस्कोपी होते, काही सापडत नाही. उलटीचं केंद्र मेंदूच्या बुंध्याशी असतं आणि एनएमओ नेमका तिथे घाव घालतो.

तपासणी करताना दोन बारकावे. ती पेशींवर केलेली, म्हणजे सेल-बेस्ड पद्धतीची असावी. जुन्या पद्धतीत खोटे निकाल जास्त येतात. आणि रक्त शक्यतो प्लाझ्मा बदलण्याआधी घ्यावं, कारण त्या उपचारात प्रतिपिंडंच धुऊन निघतात आणि रिपोर्ट फसवा ‘निगेटिव्ह’ येतो. तीव्र अटॅकमध्ये तपासणीच्या निकालासाठी स्टिरॉइड थांबवायचं नसतं. नळी भरून ठेवायची आणि उपचार सुरू करायचे.

‘पण आपल्याकडे ऊन भरपूर आहे ना?’

विषुववृत्तापासून दूर जावं तसा एमएस वाढतो, हे खरं. त्यावरून ड जीवनसत्त्वाची गोष्ट आली. अमेरिकी सैन्यातल्या २००६ च्या अभ्यासात, रक्तात ड जास्त असलेल्या गोऱ्या सैनिकांना एमएस कमी झाला. कृष्णवर्णीयांत मात्र तो संबंध दिसला नाही. नंतरच्या अभ्यासांत प्रत्यक्ष उन्हात राहण्याचा फायदा गोऱ्यांबरोबरच इतरांतही दिसला. म्हणजे ऊन जे काही करतं, ते सगळं ‘ड’च्याच मार्गाने होतं असं नाही.

औषध म्हणून ‘ड’चे निकाल संमिश्र आहेत. २०२५ मध्ये फ्रान्समधल्या चाचणीत अगदी सुरुवातीच्या रुग्णांना दर दोन आठवड्यांनी १ लाख युनिट दिल्यावर आजाराची हालचाल कमी झाली. त्याआधी २०२३ च्या अमेरिकी चाचणीत, दुसऱ्या औषधाच्या जोडीला दिल्यावर फायदा दिसला नव्हता. कमतरता असेल तर ती भरून काढावीच. पण आपल्याकडे ६०,००० युनिटचं पाकीट दर आठवड्याला, महिनोन्‌महिने, कुणाला न विचारता घेतलं जातं. त्यातून रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मळमळ, बद्धकोष्ठता होते, मूत्रपिंडाला इजा होते. आणि मूळ औषध टाळून नुसतं ‘ड’ घेत राहणं म्हणजे पुन्हा तोच उशीर.

ऊन कितीही असलं तरी एका गोष्टीपासून आपली सुटका नाही: एपस्टीन-बार विषाणू. अमेरिकी सैन्यातल्या १ कोटीहून जास्त तरुणांच्या नोंदींवरून २०२२ मध्ये दिसलं की, या विषाणूच्या संसर्गानंतर एमएसचा धोका ३२ पट होतो. जगातल्या बहुतेक प्रौढांना तो होऊन गेलेला असतो आणि त्यातल्या अगदी मूठभरांना एमएस होतो. पण एमएसकडे नेणारं हे दार प्रत्येकाला असतं, मग वंश कुठलाही असो.

‘वंशाने ठरत नाही, तर फॉर्मवर तो विचारतात कशाला?’

लंडन किंवा न्यू जर्सीच्या दवाखान्यात मराठी माणसाला ‘साउथ एशियन’ किंवा नुसतं ‘एशियन’ अशा चौकोनात खूण करावी लागते. त्या ‘एशियन’मध्ये पुण्याचा पारशी, कोल्हापूरचा मराठा आणि टोकियोचा जपानी एकाच पिशवीत पडतात. जीवशास्त्र म्हणून ही पिशवी फारशी उपयोगाची नाही. पण कुणाला निदान उशिरा मिळतं, कुणाला जोरकस औषध मिळत नाही, हे हुडकायला ती खूण लागते. ती रिकामी सोडली तर उशीर नोंदीतच येत नाही.

मात्र डॉक्टरने ती खूण पाहून एका माणसाचं भविष्य सांगू नये. जिल्ह्याच्या पावसाची सरासरी तुमच्या शेतात किती पडेल ते सांगत नाही.

आपल्याकडे नेमकं काय चुकतं

सगळ्यात नेहमीचा प्रसंग असा. अठ्ठावीस वर्षांच्या बाईला एका डोळ्याने धूसर दिसू लागतं, डोळा फिरवला की दुखतो आणि लाल रंग त्या डोळ्याला विटक्या विटेसारखा दिसतो. डोळ्यांचे डॉक्टर थेंब देतात. पाच-सहा आठवड्यांत नजर आपोआप बरीचशी परत येते, कारण अशी ती येतेच. थेंबांना श्रेय मिळतं आणि एमआरआय राहून जातो. दोन वर्षांनी कमरेखाली बधिरपणा येतो. तेव्हा ती हाडांच्या डॉक्टरांकडे जाते, मणक्याची झीज म्हणून पट्टा मिळतो. दोन्ही तक्रारी एकाच कागदावर कधी येतच नाहीत. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निदानाच्या नव्या निकषांत डोळ्याची नसही एक जागा म्हणून मोजली जाते, त्यामुळे असा पहिला प्रसंग आता जास्त कामाचा ठरतो. अर्थात कुणी तो लिहून ठेवला असेल तर.

उलट बाजूची चूकही होते. एमआरआयवर पांढरे ठिपके दिसले की लगेच एमएस म्हणू नये. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास असते आणि तिच्याने हातापायांना मुंग्या, तोल जाणं, मज्जारज्जूवर डाग, हे सगळं होतं. क्षयही मज्जारज्जूला गाठतो. म्हणून बी-१२ आणि क्षयाची पाहणी आधी. आणखी एक: पाठीतल्या पाण्याच्या तपासणीत प्रतिपिंडांच्या ज्या पट्ट्या पाश्चात्त्य देशांत दहापैकी नऊ रुग्णांत सापडतात, त्या भारतीय रुग्णांत कमी जणांत सापडतात. पट्ट्या नाहीत म्हणून एमएस नाही, असं आपल्याकडे म्हणता येत नाही.

औषधांच्या किमतीवर एक मार्ग निघाला आहे. रिटुक्सिमॅब हे मुळात लिम्फोमा या कर्करोगाचं औषध एमएसवरही चालतं, स्वीडनमध्ये ते फार मोठ्या प्रमाणावर दिलं जातं आणि भारतात त्याच्या स्वस्त आवृत्त्या बनतात. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एमएससाठी ते आवश्यक औषधांच्या यादीत घातलं, क्लॅड्रिबिन आणि ग्लॅटिरामेरबरोबर. सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी आणि दडलेला क्षय यांची तपासणी करून घ्यावी आणि राहिलेल्या लसी शक्यतो आधीच टोचाव्यात. नंतर त्या नीट लागू पडत नाहीत.

अपंगत्व प्रमाणपत्राचाही प्रश्न येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्वतंत्र आहे. तपासणीच्या दिवशी रुग्ण नेमका बरा चालत असेल तर टक्के कमी पडतात. एमआरआय, दाखल झाल्याचे कागद आणि लघवी, नजर, थकवा यांच्या नोंदी सोबत नेल्या की चित्र पुरं होतं.

घरी करण्यासारखं

वही करा. लक्षण कुठलं, कुठल्या तारखेला सुरू झालं, किती दिवस टिकलं, तेव्हा ताप होता का. एमआरआयची नुसती फिल्म नको, सीडीही मागून घ्या आणि पुढचा एमआरआय शक्यतो त्याच यंत्रावर करा. जुन्या-नव्या डागांची तुलना तरच खरी होते. औषध सुरू झाल्यावर तीन ते सहा महिन्यांनी एक एमआरआय आणि मग वर्षातून एक, हा साधारण क्रम. रक्तदाब आणि साखर एमएसच्या औषधाइतक्याच गंभीरपणे घ्या. तंबाखू बंद.

विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात, किंवा तापात, जुनी लक्षणं तासाभरापुरती डोकं वर काढतात. शरीर तापलं की आवरण गेलेल्या तंतूतून संदेश पार होत नाही. थंड झालं की ते ओसरतं. हा नवा अटॅक नव्हे, त्यासाठी स्टिरॉइड लागत नाही. ओला टॉवेल, गार पाणी आणि सकाळी लवकर व्यायाम एवढं पुरतं.

आणि महिन्यातून एकदा चाल मोजा. घरात, गॅलरीत किंवा इमारतीच्या पॅसेजमध्ये ७.६ मीटरवर खडूने दोन रेघा मारा. तपासणीत न्यूरॉलॉजिस्ट हेच अंतर वापरतात. जमेल तेवढं भरभर, पण न पडता, एका रेघेपासून दुसरीपर्यंत चाला. मोबाइलवर वेळ लावा, दोनदा चालून सरासरी वहीत लिहा. पादत्राणं दर वेळी तीच, वेळ सकाळची. तुलना स्वतःच्याच मागच्या आकड्याशी. वीस टक्क्यांचा फरक खरा मानतात: ५ सेकंदांचे ६ झाले आणि आठवड्याने पुन्हा मोजल्यावरही ६ च राहिले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता वही घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा.